पाकोळ्यांचा बंगला

वागिमानने म्हशी विकून सिमेंटचा दुमजली बंगला बांधला, पण तो पाकोळ्यांसाठी. जावातल्या त्या खेड्यात सगळ्यांना तेच वेड लागलं होतं. पाकोळी आत आपल्या लाळेचं घरटं करणार, शहरातले श्रीमंत त्या घरट्याचं सूप पिणार आणि घरमालक मोटार घेणार!

पाकोळ्यांना अंधार लागतो, म्हणून त्यांच्या येण्याजाण्यापुरतं एक भोक सोडलं तर बंगल्याला एकही खिडकी नव्हती. त्यांना बोलवायला आत एक स्पीकर दिवसभर चिवचिवायचा. सहा महिने झाले, एक पाकोळी फिरकली नाही. वागिमान आभाळाकडे बघत अंगणात येरझारा घालायचा आणि कोंबड्यांना अडखळायचा.

"लासमीचे बाबा, मला पंख असते तर तुम्ही मलाही पक्कं घर बांधलं असतं," बायको झोपडीतून टोमणा मारायची.

एका सकाळी तिच्या कपाळावर पचकन काहीतरी पडलं. छप्पर पुन्हा गळतंय म्हणून तिने वर पाहिलं. झोपडीच्या अंधाऱ्या, दमट आढ्याला सात पाकोळ्या लटकल्या होत्या आणि एकीने घरटंही सुरू केलं होतं.

"हलू नकोस! चूल पेटवू नकोस! खोकूसुद्धा नकोस!" वागिमान आनंदाने कुजबुजला.

"मग आपण राहायचं कुठं?"

दुपारी तिने बंगल्यात चटई अंथरली. डोक्यावर स्पीकर कोकलत होता. वागिमान तो बंद करायला उठला.

"राहू द्या हो," ती ऐसपैस पाय पसरत म्हणाली. "एवढे महिने बोलवत होतात, शेवटी मी आले ना!"