जर-तरचं वाक्य

फोन कट झाला तरी सुनेने तो कानाला तसाच धरला होता. समोर सासूबाई चादरीची घडी घालता घालता थांबल्या.

"कोण होतं?"

"ह्यांचा सुपरवायझर. इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला."

"काय म्हणाला?"

सून वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवू लागली. "इफ ही हॅडन्ट वोर्न द बेल्ट, ही वुड हॅव डाइड." हॅडन्ट म्हणजे नाही. बेल्ट घातला नाही. आणि शेवटी डाइड. ती भिंतीला टेकून खाली बसली.

नवरा परदेशात उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. त्याच्याकडे जाता यावं म्हणून ती संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जात होती. जर-तरची वाक्यं नुकतीच झाली होती. हॅड आलं की तिसरा प्रकार, आणि तिसऱ्या प्रकारात सगळं उलटं, असं काहीसं सर म्हणाले होते. पण उलटं म्हणजे कसं? दोन्हीकडे उलटायचं, की एकाच बाजूला?

तिने त्या नंबरवर फोन लावला. लागेना. नवऱ्याचा लावला. तो बंद.

"अगं, डाइड म्हणजे मेला ना? एवढं मलाही कळतं." सासूबाईंचा आवाज चिरकला.

"थांबा ना आई! तिसरा प्रकार आहे हा."

"कसला प्रकार? माझं पोर आहे की नाही, तेवढं सांग!"

"हॅड आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप..."

"खड्ड्यात गेलं ते रूप! मराठीत बोल."

सुनेने डोळे मिटले. एकेक शब्द चाचपत म्हणाली, "त्यांनी... बेल्ट घातला नसता... तर ते... गेले असते."

"म्हणजे घातला होता!" सासूबाई ओरडल्याच. "घातला होता गं बाई! आहे माझा सोन्या!"

त्यांनी चादरीसकट सुनेला कवटाळलं. दोघी एकदमच हसायला आणि रडायला लागल्या.

"एवढंसं वाक्य, आणि जीव काढलास माझा," सासूबाई चादरीच्या टोकाने डोळे पुसत म्हणाल्या. पुसता पुसता त्यांचा हात थबकला.

"पण मग तो स्वतः का नाही गं बोलला?"

सून वाक्य पुन्हा पहिल्यापासून आठवू लागली.