परस्पर माफी

बाही उलटी जोडली गेली म्हणून सुपरवायझरने भर कारखान्यात शिवणाऱ्या बाईच्या थोबाडीत मारली. ती तडक मालकांच्या केबिनमध्ये गेली. ती आणि मालक एकाच चर्चचे. रोज सकाळी सगळ्यांसोबत प्रार्थना केल्याशिवाय मालक एकही मशीन सुरू करू देत नसत.

मालकांनी सुपरवायझरला बोलावलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी याला माफ केलंय, ताई. आपल्याला काय शिकवलंय? एका गालावर कोणी मारलं तर दुसरा पुढे करायचा. जा, कामाला लाग."

तिच्या गालावर बोटं अजून उमटलेली होती.

"मार मी खाल्ला आणि माफ करून तुम्ही मोकळे?" ती कडाडली.



"साहेब, प्रभूने स्वतःचा गाल पुढे करायला सांगितलंय, कामगाराचा नाही!"