चाचणीपुरता नवरा

खाटेवरच्या श्रीरंगने बायकोच्या डब्यातल्या घावनाचा तुकडा मोडला. "घरच्यासारखं झालंय," तो म्हणाला.

घर त्याने कधी पाहिलंच नव्हतं. नव्या औषधाचा केवढा डोस माणसाला मारतो हे कळावं म्हणून खऱ्या श्रीरंगच्या पेशींपासून, कॅन्सर आणि आठवणींसकट, त्याला चार दिवसांपूर्वी तयार केलं होतं. घरचं माणूस सोबत असलं की असे देह जास्त टिकतात, म्हणून सुलभाला शेजारी बसवत.

नर्सने सुई टोचली. सुलभाने डबा आवरला. "जाते मी."

तो दचकला. त्याच्या आठवणीतल्या सत्तावीस वर्षांत ती निघताना 'येते'च म्हणाली होती.

"मी कितवा गं?"

"नववा," ती म्हणाली. "सोडा हात. हे घरी जेवायचे थांबलेत."