दोनशे चारची मिसेस

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या त्या लॉजचा नियम कडक होता, बाहेरच्या बाईला खोलीत सोडत नसत. म्हणून मालिशला आलेल्या भावनाने, गिऱ्हाइकाने फोनवर पढवलं होतं तसंच काउंटरवर सांगितलं, "दोनशे चारमधल्यांची मिसेस."

मॅनेजरने तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "जा वहिनी."

कंबर चोळून झाली तशी त्या माणसाने दाराला आतून कडी घातली आणि तिचा हात धरला. हिसडा देऊन भावनाने कसाबसा इंटरकॉम उचलला. "दादा, लवकर वर या. हा माझा नवरा नाहीये."

"रागात सगळ्याच असं म्हणतात, वहिनी," मॅनेजर समजुतीने म्हणाला. "नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही."