टोळांसाठी अभंग

आमच्या कानडी मुलखातल्या सरगूरच्या विठ्ठलमंदिरात नागराज टेलरांचे टाळ कधी तालात पडले नाहीत, आणि आवाज असा की म्हैससुद्धा दचकावी. शेवटी मंडळाचे अध्यक्ष वेंकटरमणराव यांनी भर भजनात त्यांच्या हातातले टाळ काढून घेतले. तेव्हापासून नागराजनी देवळाची पायरी चढणं सोडलं.

त्या उन्हाळ्यात मोबाइलवर बातमी आली, टोळधाड येतेय, शेतात मोठ्याने आवाज करा. नागराजचा दोन एकर भुईमूग ऐन भरात होता. सोयराबाईंनी घरातले जुने टाळ नवऱ्याच्या हाती दिले. म्हणाल्या, "जावा, गळा मोकळा करा." रोज सकाळ-संध्याकाळ नागराज बांधावरून अभंग म्हणू लागले.

टोळ काही सरगूरपर्यंत आले नाहीत. पण रानडुकरांनी शेजारचं अध्यक्षांचं अर्धं शेत उकरलं आणि नागराजच्या भुईमुगाकडे फिरकलीसुद्धा नाहीत!

अध्यक्ष हात जोडून दारात आले. "अय्यो नागराज, स्वल्प आमच्या बांधावर पण म्हणा की हो!"

नागराज लगेच टाळ घेऊन उठले. सोयराबाईंनी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं.

 

"येतील की. पण एकादशीला देवळात पहिला अभंग ह्यांचाच!"