स्टेअरिंगची पेटी

अकोल्यातले मोठे वकील मोटारीतून कोर्टात येत आणि मला बैलांच्या दमणीतून उतरायची लाज वाटे. नव्या मोटारीची ऐपत नव्हती, म्हणून कासम मिस्त्री भंगारातून माझ्यासाठी एक जुळवत होता. आता फक्त स्टेअरिंगची पेटी राहिली होती. त्याने दोन पेट्या माझ्यापुढे ठेवल्या.

"ही निम्म्या किमतीत कशी?" मी विचारलं.

"मागच्या साली पातूरच्या रस्त्यावर उतारूंची मोटार झाडावर गेली ना, तिची हाय."

मी दांडा फिरवून पाहिला. अर्धा फेरा झाला तरी दुसरं टोक हललं नाही. मी पेटी दूर सारली.

"वेड लागलंय का, मिस्त्री? पहिल्याच वळणावर दगा देईल ही. माझी मुलंबाळं बसायची आहेत त्या गाडीत."

"झाडावर आदळून बिघडली असंन, वकीलसाहेब."

"छे! आदळून दाते असे झिजत नाहीत. ही कित्येक वर्षांची झीज आहे."

मिस्त्री फडक्याने पेटी पुसत राहिला.

"मले बी तसंच वाटलं होतं. पण मालकाच्या बाजूनं तुमीच तं कोर्टात सांगतलं, पेटी चांगली होती, चूक डायवरची. मंग आमचा जानराव कावून जेलात हाय?"

खाली बघतच मी म्हणालो, "ती दुसरी बसव."