उडी न मारणारं कांगारू

पाहुण्यांची गाडी दारात लागायच्या आधीच चंद्रभाननं लेकीला सतरंजीवर बसवून टाकलं. "ते जाऊस्तोवर उठायचं न्हाई. च्या तुझी माय आनील." मागचं स्थळ राजेश्रीला चहा घेऊन येताना बघूनच मोडलं होतं. लहानपणी बैलगाडीवरून पडल्यापासून तिचा उजवा पाय आखूड पडायचा. ही लपवाछपवी तिला मुळीच पटली नव्हती. पण बापाच्या तोंडाकडं पाहून ती गप्प बसली.

पाहुणे ताडकळसचे होते. मुलगा हरिओम आईशेजारी खाली मान घालून पोहे खात होता, जणू दाखवायला त्यालाच आणलं होतं. बोलायचा मक्ता त्याच्या मामांनी, दत्तरावांनी घेतला होता.

"प्राण्यांवर एम्मेस्सी केलीस म्हनं. मग सांग बरं काई कांगारूचं."

पेडगावात बसून कांगारूच का आठवलं, हे त्यांनाच ठाऊक. राजेश्री मात्र खुलली. हजारो वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात राक्षसी कांगारू होतं. माणसाहून उंच, दोन-सव्वादोनशे किलोचं. आता त्याची फक्त हाडं सापडतात.

"पन ते उड्या मारत नसावं, असं शास्त्रज्ञ म्हनतात. एकेक पाय टाकत चालायचं."

दत्तराव खो खो हसले. "कांगारू आन् उडी न्हाई? म्हंजे अधूच म्हना की!"

चंद्रभाननं घाईघाईनं पोह्यांचं ताट पुढं सरकवलं. राजेश्रीला राग आला, आणि मामांपेक्षा स्वतःचाच जास्त आला.

"अधू न्हाई, मामा. त्याची चालच तशी होती," ती म्हणाली. "माझीबी अशीच हाय. बघून घ्या."

ती उठली. रिकामे कप ताटात गोळा केले आणि लंगडत स्वयंपाकघराकडं निघाली.

दत्तरावांनी टोपी डोक्यावर चढवली. मुलगी पसंत नसली की पाहुणे जेवायला थांबत नाहीत, आणि चंद्रभाननं तर कोंबडं कापून ठेवलं होतं. त्यानं मान खाली घातली.

हरिओम मात्र पोहे विसरून आतल्या दाराकडं बघत होता. त्याच्या आईनं, सविताबाईनं लेकाचं तोंड एकदा नीट न्याहाळलं. मग ती भिंतीला टेकून ऐसपैस बसली.

"चंद्रभानभाऊ, भाकरी टाकायला सांगा. आमी जेवूनच जाऊत."